टाका कोणता, ताण किती?

केडगावात ब्लाऊज, पायजमे, शाळेचे गणवेश घरी शिवून चार पैसे मिळवणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. नगरच्या कापड बाजारातून कापड आणायचे, मशीन घ्यायचे आणि कामाला लागायचे, अशी सर्वसाधारण रीत. परंतु कापड चांगले असूनही शिवण उसवली की माल परत येतो. मजुरी तर जातेच, गिऱ्हाईकही जाते. म्हणून मशीनवर बसण्यापूर्वी हाताचे चार टाके शिकावेत आणि कोणता टाका किती ताण सोसतो हे समजून घ्यावे.

पहिला धावदोरा. सुई खालीवर करत पुढे जायचे. लांब घातला की तोच कच्चा टाका. आपल्याकडची गोधडी धावदोऱ्यावरच टिकते, कारण तेथे अनेक ओळी ताण वाटून घेतात. पायजम्याच्या आसनाला मात्र त्याची एकच ओळ घातली तर बसताच उसवते.

दुसरा बखिया. शब्द फारसी, शिवणवर्गात याला उलटी टीप म्हणतात. सुई एक टाका मागे घालून दोन टाके पुढे काढायची. मागील बाजूस दोरा दुहेरी पडतो, म्हणून मजबुती येते. आसन, काख, खिशाचे तोंड हाताने शिवायचे तर बखियाच घालावा.

तिसरी तुरपाई. दुमडलेली कड बसवताना कापडाचा एखादाच धागा उचलावा. सुलट बाजूस टाका दिसू नये. चौथा काजाचा टाका. कापलेली कड सुटू नये म्हणून प्रत्येक टाक्याला गाठ द्यावी व टाके लागून घालावेत.

मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते. सुईतला आणि बॉबीनमधला दोरा कापडात एकमेकांना अडकवतात. अमेरिकेत एलियास हाऊ यांनी 1846 मध्ये अशा मशीनचे पेटंट घेतले. साध्या सुती कापडाला 14 नंबरची सुई व इंचाला 10 ते 12 टाके ठेवावेत. तलम कापडाला 11, जीन्सला 16 नंबर. कापडाखाली दोऱ्याचे फास लोंबू लागले तर बहुधा वरचा दोरा सैल असतो. टिपेच्या दोन्ही टोकांना तीन-चार टाके उलटे मारावेत.

क्रोशा व लोकरीचे काम एकाच दोऱ्याच्या फासांचे. क्रोशाची टोपी 6 मुक्या खांबांनी सुरू करून दर फेरीला 6 वाढवले की चकती सपाट राहते. माप भरल्यावर वाढवणे थांबवावे, म्हणजे कड खाली वळते. शेवटच्या फासातून दोरा ओढून घेतला नाही तर सगळी टोपी उसवू शकते. लोकरीच्या विणकामात तर पूर्ण ओळ सुईवर उघडी असते. म्हणून सुलट-उलट टाक्यांबरोबर टाके बंद करणेही शिकावे.

नवशिक्यांनी चिंधीवर शिवण घालून दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहावी. फट पडली तर उसवून पुन्हा घालावी. गिऱ्हाइकाच्या अंगावर उसवण्यापेक्षा चिंधीवर उसवलेली बरी.