वादळी आभाळाखालील ‘शकुंतला’

विदर्भातील कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत आणि तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचविण्याच्या उद्देशाने विसाव्या शतकाच्या प्रारंभकाळात मूर्तिजापूर येथून दोन अरुंदमापी लोहमार्ग बांधण्यात आले. एक कारंजा व दारव्हा या गावांवरून यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर, तर दुसरा दर्यापूर व अंजनगाव या गावांवरून अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर लांबीचा. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाडीचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये निवृत्त झाले व त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. पुढे गाड्याही थांबल्या. मार्ग रुंदमापी करण्याची मागणी रास्तच आहे. परंतु ती पूर्ण होताना जुने रूळ, लहान स्थानके व नामफलक नाहीसे होतील. म्हणूनच त्यांचे छायाचित्रण हे आज निकडीचे काम होय.

या कामासाठी एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या पावसाचे दिवस विशेष अनुकूल ठरतात. उन्हाळ्यातील भर दुपारी प्रकाश डोक्यावरून पडतो. त्यामुळे रूळ, खडी व भिंती सपाट दिसतात. याउलट, दुपारनंतर पूर्वेकडे काळे ढग दाटलेले असताना पश्चिमेचा कलता सूर्य मोकळा असेल, तर विटांच्या भिंतीचा प्रत्येक सांधा आणि गंजलेल्या रुळाची धार उठून दिसते. यवतमाळचा मार्ग मूर्तिजापूरहून आग्नेयेकडे जातो. त्यामुळे अशा वेळी सूर्य पाठीशी घेऊन पुढे जाणारे रूळ काळ्या ढगांच्या पार्श्वभूमीवर टिपता येतात.

मात्र कॅमेऱ्यातील प्रकाशमापकावर विसंबून चालत नाही. समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे तो गृहीत धरतो. चौकटीत काळे ढग अधिक असल्यास तो जादा प्रकाश घेतो आणि ढग फिकट पडतात. अशा वेळी एक्स्पोजर एका टप्प्याने कमी करावे. आकाश उजळ व जमीन अंधारी असल्यास प्रथम जमिनीचे मापन करून पाहावे.

सुरक्षितता सर्वांत महत्त्वाची. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागल्यास तत्काळ पक्क्या इमारतीत जावे व शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. एकाकी झाड व रूळ यांपासून दूर राहावे. गाडी बंद असली, तरी मार्ग सर्वांसाठी खुला आहे असे समजू नये. तेव्हा पूर्वपरवानगी घेणे आवश्यक आहे.

प्रत्येक छायाचित्रासोबत दिनांक, स्थानक व दिशा यांची नोंद ठेवावी. गावातील वृद्धांना छायाचित्रे दाखवून मालधक्का कोठे होता, कापसाच्या गाठी कोठे उतरत, हे विचारून लिहून घ्यावे. नोंदीविना छायाचित्र केवळ देखणे ठरते. नोंदीसह ते पुढील पिढीसाठी इतिहासाचे साधन बनते.