लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर : पक्षिशिकारीचे शिक्षण

बंदुकीने पाडलेला पक्षी शोधून तो न चिरडता धन्याच्या हाती आणून देणाऱ्या शिकारी श्वानांना रिट्रीव्हर म्हणतात. दडलेला पक्षी दाखविणारा पॉइंटर आणि झुडपांतून पक्षी उठविणारा स्पॅन्यल यांचे मुख्य काम बार उडण्यापूर्वीचे असते. रिट्रीव्हरचे काम बार उडाल्यानंतर सुरू होते. म्हणूनच त्याच्या शिक्षणात धावण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व आज्ञा मिळेपर्यंत न हलण्याला असते. या गटातील सर्वाधिक प्रसार पावलेली जात लॅब्रॅडॉर ही होय [⟶ कुत्रा].

नावात लॅब्रॅडॉर असले, तरी या जातीचे मूळ न्यू फाउंडलंड बेटावरील आहे. तेथील कोळ्यांचे ‘सेंट जॉन्स वॉटर डॉग’ नावाचे श्वान थंड पाण्यात उतरून जाळ्यांचे दोर व गळातून निसटलेले मासे ओढून आणीत. मासळीच्या गलबतांबरोबर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते इंग्लंडमधील पूल बंदरात पोहोचले. माम्झबरीचे अर्ल आणि स्कॉटलंडमधील बक्लूचे ड्यूक यांच्या घराण्यांनी त्यांची शुद्ध पैदास राखली. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९०३ मध्ये व अमेरिकन केनेल क्लबने १९१७ मध्ये या जातीला मान्यता दिली. मूळची सेंट जॉन्स जात मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस नामशेष झाली. पाणी न शिरणारी दुपदरी लव, बोटांमधील पडदा आणि ऊदासारखी जाड शेपटी ही पूर्वजांची देणगी लॅब्रॅडॉरमध्ये टिकून आहे.

वस्तू तोंडात धरून आणण्याची प्रवृत्ती पिल्लात उपजतच असते. ती शिकवावी लागत नाही, ती मारली जाणार नाही एवढे मात्र पाहावे लागते. या प्रवृत्तीच्या दृष्टीने शिकारीच्या कामात सिद्ध झालेल्या आईबापांचे पिल्लू निवडणे इष्ट असते. प्रदर्शनांसाठी जोपासलेल्या वंशांत ती पुष्कळदा मंदावलेली आढळते. आईबापांचे खुबे, कोपर व डोळे पशुवैद्याकडून तपासलेले असावेत, कारण या सांध्यांचे आनुवंशिक विकार या जातीत वारंवार दिसतात.

जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे अनेक वर्षे केलेले संशोधन १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या माणसांशी व परिसराशी जुळणाऱ्या नात्याच्या दृष्टीने निर्णायक असतो, असे त्यातून दिसून आले. रिचर्ड वोल्टर्स यांनी वॉटर डॉग (१९६४) या पुस्तकात स्कॉट यांच्या कार्याचा आधार घेऊन पिल्लू नेमके एकोणपन्नासाव्या दिवशी घरी आणावे, असा आग्रह धरला. दिवसाचा हा काटेकोरपणा अनावश्यक आहे. परंतु शिक्षण वर्षभराच्या श्वानापासून नव्हे, तर सात-आठ आठवड्यांच्या पिल्लापासून सुरू होते, हा विचार रूढ करण्याचे श्रेय बऱ्याच अंशी या पुस्तकाला द्यावे लागेल.

पहिले धडे खेळासारखे व काही मिनिटांचेच असतात. दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या अरुंद बोळात गुंडाळलेला पायमोजा थोड्या अंतरावर टाकतात. पिल्लू तो उचलते. परतीची वाट शिक्षकाकडेच येत असल्याने आपोआप त्याच्याजवळ येते. उघड्या मैदानात तेच पिल्लू वस्तू घेऊन पळत सुटते. अशा वेळी त्याच्या मागे धावणे ही घोडचूक होय, कारण पाठलाग हा पिल्लाला आणण्यापेक्षा अधिक रंजक खेळ वाटतो. उलट शिक्षकाने पाठ फिरवून दूर पळावे, म्हणजे पिल्लूच त्याच्या मागे येते. जवळ आल्यावर वस्तू हिसकावून न घेता क्षणभर त्याला ती मिरवू द्यावी. तीन-चार फेकींनंतर, पिल्लाची हौस शिल्लक असतानाच, खेळ थांबवितात. घरातील चप्पल तोंडात आणली म्हणून मार बसलेले पिल्लू चप्पल सोडत नाही, आणणेच सोडते. चार ते सहा महिन्यांच्या वयात दात बदलताना हिरड्या दुखतात, त्यामुळे या काळात आणण्याचे खेळ बंद ठेवतात.

बसणे, बोलाविल्यावर येणे व पायाशी चालणे यांच्या शिक्षणात खाऊचा चांगला उपयोग होतो. लॅब्रॅडॉरची खादाडी प्रसिद्धच आहे. केंब्रिज येथील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखविल्याप्रमाणे या जातीतील सुमारे एक चतुर्थांश श्वानांत भुकेशी निगडित अशा पीओएमसी जनुकाचा काही भाग गळालेला असतो. तथापि वस्तू हाती देण्याच्या क्षणी खाऊ दाखविल्यास पिल्लू ती वाटेतच टाकून धावत येते. तेथे शाबासकी पुरेशी असते. शिटीचे संकेतही याच वयात रुजतात. एक लांब शिटी म्हणजे ‘बैस’ आणि अनेक आखूड शिट्या म्हणजे ‘ये’, असा प्रघात आहे.

सुमारे सहा महिन्यांनंतर स्थिरतेचे शिक्षण सुरू होते. श्वानाला बसवून कॅनव्हासची भरीव वळकटी (डमी) फेकतात आणि ती पुष्कळदा शिक्षक स्वतःच उचलून आणतो. पडलेली प्रत्येक वस्तू आपल्यासाठी नसते, हे श्वानाला त्यातून उमजते. ही स्थिरता केवळ शिष्टाचाराची बाब नव्हे. बार उडताच पुढे झेपावणारा श्वान बंदुकीच्या माऱ्यात येऊ शकतो. बंदुकीच्या आवाजाची ओळख अतिशय जपून, शंभरएक मीटरांवरून हलक्या आवाजाने व श्वान दुसऱ्या आनंदात गुंतलेला असताना करून देतात. एकदा बसलेली बंदुकीची भीती घालविणे फार कठीण असते. पाण्याचेही तसेच आहे : उबदार दिवशी उथळ काठावरून पिल्लाला स्वतःहून उतरू द्यावे; त्याला पाण्यात ढकलल्यास पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसाही कामी येत नाही.

यानंतर वळकटीला पंख बांधून, मग थंड झालेला मेलेला पारवा देऊन पक्ष्याची ओळख करून देतात. जखमी, फडफडणारा पक्षी आरंभी देत नाहीत. त्याने चोच वा नखे मारल्यास पिल्लू बिचकते किंवा पक्षी चिरडू लागते. या ‘कडक तोंडा’च्या दोषावर खात्रीचा उपाय नाही. पुढील टप्प्यात पक्षी पडलेली जागा लक्षात ठेवणे, वाऱ्याच्या दिशेवरून गंध पकडणे आणि न पाहिलेल्या जागी शिटी व हातवारे यांच्या आधारे जाणे शिकवितात. हे सारे अंगवळणी पडण्यास दीड ते दोन वर्षे लागतात.

श्वानाला कान चिमटून वस्तू तोंडात धरावयास लावण्याची सक्तीची पद्धत अमेरिकेत बरीच रूढ आहे. ब्रिटनमधील शिक्षक ती सामान्यतः वापरीत नाहीत. विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्यांवर वेल्सने २०१० मध्ये बंदी घातली. सक्तीचे समर्थक बिनचूक कामाचा दाखला देतात, पण सक्तीवाचून तयार झालेले श्वानही ब्रिटनमधील क्षेत्रचाचण्यांत तेच काम करतात, हे लक्षात घेता हा दाखला दुबळा ठरतो.

रिट्रीव्हरची खरी उपयुक्तता जखमी होऊन वेतात वा गवतात शिरलेला पक्षी शोधण्यात आहे. श्वानाविना असे पक्षी सापडत नाहीत व कुढत मरतात. पाडलेले रानबदक शोधण्याचा वाजवी प्रयत्न करण्याचे बंधन अमेरिकेच्या संघीय नियमांत आहे. तेथील १९५९ च्या बदक-शिकार तिकिटावर १९५२ व १९५३ चा राष्ट्रीय विजेता ‘किंग बक’ हा लॅब्रॅडॉर तोंडात बदक धरलेला दाखविला होता. या तिकिटांवर श्वानाला मुख्य स्थान मिळण्याचा तो विरळा मान होय.

भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे हौशी पक्षिशिकार बंद झाली, तेव्हा या शिक्षणाचा मूळ हेतू येथे उरलेला नाही. हीच आणण्याची ओढ पोलीस व सैन्यदले स्फोटकशोधासाठी वापरतात. ठरावीक गंध सापडला की श्वानाला बक्षीस म्हणून चेंडू मिळतो. मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ या लॅब्रॅडॉरने १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर मोठा स्फोटक साठा हुडकून दिला होता.