वयासोबत वाढणारा छंद
(छंद आणि वय : लेखांक ३)

गेल्या आठवड्यात आपण शाळकरी वयातल्या छंदांविषयी बोललो. आता तिशी ते पन्नाशी. छंद सुटतो तो नेमका याच वयात. नोकरी, घराचे हप्ते, मुलांच्या शिकवण्या, आईवडिलांची आजारपणं या सगळ्यात पेटी माळ्यावर जाते आणि ‘निवृत्त झाल्यावर बघू’ असं ठरतं. माझा आक्षेप या ‘बघू’ला आहे.

पुण्याच्या दिनकर केळकरांकडे पाहा. जन्म १८९६चा. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहायचे, चष्म्याचं दुकान सांभाळायचे आणि १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला. या नादाचं वेगळेपण त्यांच्या निवडीत आहे. दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती, पाय घासायच्या वज्री, कोरीव दरवाजे, वाद्यं. रोजच्या वापरातल्या ज्या वस्तू लोक मोडीत काढत, त्यांतली कारागिरी केळकरांना दिसली. पत्नी कमलाबाईंनी या कामात त्यांना मनापासून साथ दिली. राजा हा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला. पुढे या वस्तूंच्या संग्रहालयाला त्याचंच नाव दिलं. वीस हजारांच्या घरातला हा संग्रह केळकरांनी शेवटी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ते १९९० साली वारले.

तरुणपणी जे कुतूहल होतं, तेच प्रपंचाच्या वर्षांत त्यांनी टिकवलं आणि उतारवयात समाजाला देऊन टाकलं. छंद तोच राहिला, वयानुसार त्याचं काम बदलत गेलं. मधली वर्षं त्यांनी कोरडी जाऊ दिली असती, तर देण्यासारखं काय उरलं असतं?

मधल्या वयात छंदाचा एक मोठा फायदा असतो आणि तो फारसा बोलला जात नाही. कचेरीत आपण जाणते असतो, घरात कर्ते असतो. तबल्याच्या वर्गात मात्र शेजारच्या दहा वर्षांच्या मुलाचा हात आपल्यापेक्षा चांगला पडतो आणि पुन्हा शिकाऊ होण्याची मोकळीक मिळते. शिवाय तिथे भेटणारी माणसं आपल्या हुद्द्यासाठी आलेली नसतात, म्हणून हुद्दा गेल्यावरही ती टिकतात.

उतारवयाचं म्हणाल, तर सोळा देशांतल्या पासष्टीपुढच्या ९३ हजारांहून अधिक लोकांची माहिती २०२३ साली एकत्र अभ्यासली गेली. छंद असलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी आणि समाधान अधिक आढळलं. छंदामुळेच हे घडलं, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. निरोगी माणसाला छंद जोपासणं सोपंही जातं. तरीही सोळा देशांत सारखाच कल दिसावा, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

तेव्हा चाळिशीतल्या वाचकांनो, माळ्यावरची पेटी या रविवारी खाली काढा. भाता फाटला असेल तर दुरुस्तीला टाका. आठवड्यातले दोन तास तिच्यासाठी ठेवा आणि घरच्यांनाही तसं सांगून ठेवा.