ताशी २५० ची गाडी, जोगेश्वरीच्या गर्दीत

मे २०२५ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय भारतात आणली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत होती ५३ लाख रुपये. रोड टॅक्स आणि विमा धरला की आकडा साठ लाखांपुढे जात होता. एवढ्या पैशात शेजारच्या बिल्डिंगमध्ये एखादी भलीमोठी एसयूव्ही उभी राहते. ही मात्र जेमतेम ४.२९ मीटर लांबीची, पाच दरवाजांची हॅचबॅक. जाळीवरची लाल रेघ आणि सीटवरचे चौकडीचे कापड सोडले तर लक्ष वेधून घेणारे फारसे काही नाही. तरीही पहिल्या खेपेतल्या १५० गाड्या हातोहात बुक झाल्या.

या जातीच्या गाड्यांना शौकीन मंडळी ‘हॉट हॅच’ म्हणतात. रोजच्या वापराची छोटी गाडी घ्यायची आणि तिच्यात दांडगे इंजिन बसवायचे, एवढीच मूळ कल्पना. पहिली गोल्फ जीटीआय १९७६ मध्ये जर्मनीत विक्रीला आली, ११० अश्वशक्तीची. कंपनीने पाच हजारच गाड्यांचा बेत केला होता. त्या पहिल्या पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक खपल्या. आजच्या गाडीत दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे. ताकद २६५ अश्वशक्ती, शून्य ते शंभरचा वेग ५.९ सेकंदांत, कमाल वेग ताशी २५० किलोमीटर.

हे २५० मुंबईत वापरायचे कुठे? कोस्टल रोडवर मर्यादा ८० ची, अटल सेतूवर १०० ची, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या बोरघाटात ६० ची. तेव्हा कमाल वेग कागदावरच राहतो.

उपनगरात कामाला येतो तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर. गोल्फमध्ये तो ३७० न्यूटन-मीटर आहे आणि इंजिन मिनिटाला १६०० फेऱ्यांवर आले की सगळाच्या सगळा हाताशी असतो. संध्याकाळी वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गोरेगावहून जोगेश्वरीकडे सरकताना शेजारच्या लेनमध्ये बसपुढे क्षणभर फट पडते. साध्या गाडीत गिअर उतरवून इंजिन रडवेपर्यंत ती फट मिटलेली असते. इथे पाय किंचित दाबला की काम झाले, इंजिनचा आवाजही फारसा चढत नाही.

एवढा जोर फक्त पुढच्या दोन चाकांवर येतो, ही मात्र अडचण. वळणावर आतल्या बाजूच्या चाकावरचा भार कमी होतो आणि पावसात ते जागच्या जागी फिरू लागते. जेव्हीएलआरवरून कांजूरमार्गजवळ ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला वळताना चालकाला नेमके हेच नको असते. गोल्फच्या पुढच्या डिफरन्शियलला त्यासाठी इलेक्ट्रॉनिक लॉक दिले आहे. ते जास्तीचा जोर बाहेरच्या चाकाकडे वळवते आणि गाडीचे नाक वळणाबाहेर न घसरता आत ओढले जाते.

गर्दीत खरी कसोटी गिअरबॉक्सची. डीएसजी गिअरबॉक्सला दोन क्लच असतात. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार असतो, म्हणून गिअर झटकन बदलतात. गोल्फमधले क्लच तेलात बुडालेले आहेत. छेडानगर ते अमर महल मुंगीच्या चालीने जाताना घर्षणाची उष्णता ते तेल वाहून नेते. फोक्सवॅगनच्याच जुन्या पोलो जीटी टीएसआयमधला डीएसजी कोरड्या क्लचचा होता आणि सतत रांगणाऱ्या वाहतुकीत तो लवकर तापतो.

खड्ड्यांपुढे मात्र ही गाडी हतबल आहे. २२५/४० मापाच्या अठरा इंची टायरची बाजूची भिंत फक्त ९० मिलिमीटरची. जुलैतल्या खड्ड्यात चाक जोरात आपटले तर रिमलाच मार बसतो. सोसायटीच्या गेटवरचा उंच स्पीडब्रेकरही जपूनच ओलांडावा लागतो.

तरुणांच्या खिशाला परवडेल अशी हॉट हॅच महाराष्ट्रातच बनवण्याचे प्रयत्न आधी झाले होते. चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असेल तर कर कमी, हा आपल्याकडचा नियम. चाकणच्या पोलो जीटी टीएसआयने २०१३ मध्ये तो पाळून ११९७ सीसीतून १०५ अश्वशक्ती काढली. फियाटने २०१५ मध्ये रांजणगावात अबार्थ पुंटो तयार केली: १.४ लिटर टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, किंमत ९.९५ लाख. फियाटचे नाव उपनगरांना जुनेच. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तिच्या ‘११००’ या मॉडेलच्या गाड्या बनत. पण पुंटोचे इंजिन करसवलतीच्या मर्यादेबाहेरचे होते आणि आपल्याकडचा ग्राहक तोवर उंच गाड्यांकडे वळू लागला होता. २०१६ मध्ये आलेली आयात पोलो जीटीआय २५.९९ लाखांची, तीन दरवाजांची, आणि गाड्या अवघ्या ९९. साधी पोलोही २०२२ मध्ये थांबली.

आता बोरिवली-मुलुंडच्या हौशी खरेदीदाराला जुन्या बाजारात पोलो जीटी टीएसआय शोधावी लागते. अशी गाडी पहाटे मोकळ्या रस्त्यावर पळवून बघणे पुरेसे नाही. संध्याकाळी साडेसहाला अंधेरीच्या फ्लायओव्हरखाली अर्धा तास रांगवावी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के बसतात का ते पाहावे, डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा इशारा येतो का तिकडे लक्ष ठेवावे, आणि मगच किमतीची घासाघीस सुरू करावी.