आभासी वास्तवातून व्यवहारकौशल्ये : तेरेखोलपर्यंत पोहोचणारी आखणी

गोव्याच्या नकाशावर अगदी वरच्या टोकाला तेरेखोल हे चिमुकले गाव आहे. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर, सावंतवाडीच्या राजांनी बांधलेल्या आणि १७४६ मध्ये पोर्तुगिजांच्या हाती गेलेल्या किल्ल्याच्या आश्रयाने ते वसले आहे. उर्वरित पेडणे तालुका नदीच्या दक्षिणेस आणि गावाला लागून असलेली जमीन सिंधुदुर्ग जिल्ह्याची, अशी त्याची स्थिती आहे. उच्च शिक्षणासाठी येथील मुलाला नदी ओलांडून केरीच्या बाजूला यावे लागते, नाही तर सीमेपलीकडील रेडी-शिरोड्याची वाट धरावी लागते. शिक्षणाची कोणतीही नवी योजना या गावापर्यंत कशी पोहोचेल, हा प्रश्न ज्याने आधी सोडविला, त्याची योजना उर्वरित तालुक्यातही नीट चालेल असे म्हणावयास हरकत नाही.

हा विचार आज प्रकर्षाने करण्याचे कारण असे की, ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’ अर्थात आभासी वास्तव या तंत्राच्या साहाय्याने विद्यार्थ्यांना संभाषण, मुलाखत, सहकार्य यांसारखी मृदू कौशल्ये शिकविण्याची कल्पना सर्वत्र चर्चिली जात आहे. हे तंत्र नेमके काय आहे, त्याचा लाभ कोठवर होतो आणि पेडणे-डिचोलीसारख्या तालुक्यांत ते आणावयाचे झाल्यास आखणी कशी असावी, याचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

गरज कोठून निर्माण झाली?

पेडणे तालुक्याचे अर्थजीवन गेल्या काही वर्षांत झपाट्याने पालटले आहे. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्यातील त्याची क्षमता वर्षाला ४४ लक्ष प्रवाशांची आहे. धारगळ येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटनही त्याच दिवशी झाले. विमानतळ, रुग्णालय व हॉटेल या तिन्ही ठिकाणी मिळणारे काम मुख्यतः माणसांशी वागण्याचे आहे. संतापलेल्या प्रवाशाला शांत करणे, घाबरलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला धीर देणे, वरिष्ठांपुढे आपली अडचण स्पष्ट मांडणे, हे त्या कामाचे अंग आहे. शेतात, होडीवर किंवा खाणीवर राबलेल्या पिढीला या कौशल्यांची वेगळी परीक्षा द्यावी लागली नव्हती. तिच्या मुलांना ती द्यावी लागते.

येथील अनेक मुलांचे प्राथमिक शिक्षण मराठी माध्यमातून होते, घरी कोकणी बोलली जाते आणि मुलाखत मात्र इंग्रजीत होते. विषयाचे ज्ञान असूनही केवळ बोलताना अडखळल्यामुळे संधी हुकते. आपल्या गावाच्या हद्दीत उभा राहिलेला रोजगार आपल्याच मुलाला मिळू नये, ही गोष्ट कोणाही पालकास लागणारी आहे.

कौशल्ये कोणती?

मृदू कौशल्ये हा शब्द नवा असला तरी आशय जुना आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात शाळांसाठी १० जीवनकौशल्ये सांगितली. प्रभावी संवाद, परस्परसंबंध, निर्णयक्षमता, समस्या सोडविणे, दुसऱ्याच्या मनःस्थितीची जाण, ताणाचा व भावनांचा सामना ही त्यांपैकी काही होत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पदवी विद्यार्थ्यांसाठी ‘जीवन कौशल’ हा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतही ‘एम्प्लॉयबिलिटी स्किल्स’ हा विषय शिकविला जातो. तेव्हा अभ्यासक्रमाचा अभाव हे आपले दुखणे नाही. उणीव आहे ती सरावाची. पोहण्याचे पुस्तक वाचून पोहता येत नाही, तसे संवादकौशल्यावरील टिपणे पाठ करून बोलता येत नाही.

सरावाचे मोल पेडणेकरांना सांगावयास नको. जत्रेच्या रात्री दशावतारी काल्यात उभा राहणारा तरुण हजारभर गावकऱ्यांसमोर अलिखित संवाद बोलतो. समोरचा नट काय बोलेल हे त्याला आधी ठाऊक नसते, तरीही त्याचे उत्तर अडत नाही. तोच तरुण मुलाखतीच्या खोलीत तीन अनोळखी माणसांपुढे गप्प होतो. याचे कारण बुद्धीत वा जिभेत नाही. रंगमंचाची त्याला लहानपणापासून सवय आहे, त्या खोलीची नाही. आभासी वास्तव हे तंत्र त्या खोलीची सवय करून देण्याचे एक साधन होय.

यंत्राची पूर्वपीठिका

खऱ्या प्रसंगाची नक्कल करून शिकविण्याची रीत विमानविद्येत प्रथम रुजली. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास जमिनीवरच विमान चालविण्याचा सराव देणारे यंत्र तयार केले. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर धारण करावयाचे, संगणकाने काढलेले दृश्य डोळ्यांसमोर आणणारे उपकरण दाखविले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. १९८० च्या दशकात जॅरन लॅनियर यांनी ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’ ही संज्ञा लोकप्रिय केली. आज तेच उपकरण, म्हणजे हेडसेट, एका हातात मावते.

हेडसेट डोळ्यांवर चढविला की प्रत्येक डोळ्यासमोर किंचित निराळे चित्र येते व त्यातून खोलीचा भास होतो. मान वळविली की दृश्यही वळते. विद्यार्थ्यास आपण एखाद्या कार्यालयात बसलो आहोत व समोरचे अधिकारी आपल्याला प्रश्न विचारीत आहेत असे वाटू लागते. मन जाणते की हा भास आहे, पण छातीची धडधड खरी असते. चुकले तरी नोकरी जात नाही, कोणी हसत नाही आणि तोच प्रसंग पुन्हा पाहता येतो. सभेत बोलण्याचे भय असलेल्यांवर या रीतीचे प्रयोग १९९० च्या दशकापासून झाले असून त्यांत अनुकूल परिणाम आढळले आहेत.

लाभ किती, भ्रम किती?

पीडब्ल्यूसी या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील आपल्या नवनियुक्त व्यवस्थापकांना तीन रीतींनी तेच प्रशिक्षण दिले. वर्गात बसून शिकणाऱ्यांपेक्षा हेडसेटद्वारे शिकणाऱ्यांचे प्रशिक्षण चौपट वेगाने पूर्ण झाले, असे त्यात दिसले. वॉलमार्ट या व्यापारी कंपनीने २०१८ मध्ये आपल्या अमेरिकेतील दुकानांसाठी सुमारे १७ हजार हेडसेट घेण्याचे जाहीर केले होते. हे आकडे उत्साहवर्धक खरेच. परंतु ते नोकरीत असलेल्या प्रौढांचे व मोठ्या कंपन्यांचे आहेत, हे विसरून चालणार नाही.

दुसरी बाजूही पाहावयास हवी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील जोसेलिन पॅरोंग व रिचर्ड मेयर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विज्ञानाचा एक पाठ काहींना हेडसेटमधून व काहींना साध्या सरकचित्रांतून शिकविला. हेडसेटवाले विद्यार्थी अधिक रमले, पण चाचणीत सरकचित्रे पाहणारे पुढे गेले. मात्र प्रत्येक भागानंतर थांबून पाहिलेल्याचा सारांश आपल्या शब्दांत लिहावयास लावले, तेव्हा हेडसेटद्वारे शिकणाऱ्यांची प्रगती सुधारली. यातून मिळणारा बोध सरळ आहे. उपकरण केवळ अनुभव देते; त्या अनुभवाचे शिक्षणात रूपांतर त्यानंतरच्या विचाराने व चर्चेने होते. म्हणून आखणीचा आरंभ उपकरणांच्या खरेदीपासून न करता शिक्षकापासून करणे इष्ट ठरते.

शिक्षक प्रथम

प्रत्येक संस्थेतील निदान दोन शिक्षकांनी हेडसेट स्वतः वापरून, स्वतः अडखळून पाहिला पाहिजे. दहा मिनिटांच्या अनुभवानंतर विद्यार्थ्यास कोणते प्रश्न विचारावेत, हे त्यांच्या प्रशिक्षणाचे सार असावे. “कोणत्या क्षणी तू थांबलास? समोरच्याला त्या वेळी काय वाटले असेल? पुन्हा संधी मिळाली तर काय बोलशील?” असे तीन साधे प्रश्नही पुरेसे आहेत. एकाच शिक्षकावर सारा भार टाकल्यास त्याची बदली होताच योजनाही बंद पडते. म्हणून दोन शिक्षक आवश्यक मानावेत.

प्रसंग आपले, भाषा आपली

बाजारात मिळणारे तयार प्रसंग बहुधा परदेशी कार्यालयांतील असतात. आपल्या विद्यार्थ्यास हवा आहे तो विमानतळावरील सामान हरवलेला प्रवासी, रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवरील आजीबाई, हॉटेलात बिलावरून हुज्जत घालणारा पाहुणा आणि अर्थातच मुलाखतीचे मंडळ. चहूबाजूंचे दृश्य टिपणाऱ्या कॅमेऱ्याने असे प्रसंग येथेच चित्रित करता येतात. संगणकावर संपूर्ण दृश्य रचण्यापेक्षा त्यास खर्चही कमी येतो. अभिनयासाठी दशावतार व हौशी रंगभूमीवरील कलावंत पेडण्यात उणे नाहीत.

भाषेचा क्रमही ठरवावा. पहिला प्रसंग कोकणी वा मराठीत, दुसरा मिश्र भाषेत व तिसरा इंग्रजीत असावा. प्रथम बोलण्याचे धैर्य यावे आणि मग भाषेची सफाई. दोन्ही ओझी एकदम डोक्यावर दिल्यास विद्यार्थी पुन्हा गप्प होईल.

उपकरणे फिरती असावीत

असे प्रसंग एकदा तयार करण्याचा खर्च ठरलेला असतो. विद्यार्थी जितके अधिक, तितका माणशी खर्च कमी होतो. वर उल्लेखिलेल्या अभ्यासात सुमारे ३७५ विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचल्यावर या रीतीचा खर्च वर्गशिक्षणाच्या बरोबरीस आला. आपल्याकडे तो आकडा निराळा निघेल, पण तत्त्व तेच आहे. एकेका लहान संस्थेने स्वतंत्र खरेदी करण्यापेक्षा विर्नोडा येथील संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालय, पेडणे व डिचोली येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्था, मये येथील शासकीय तंत्रनिकेतन आणि परिसरातील उच्च माध्यमिक विद्यालये यांनी एकच संच वाटून वापरणे अधिक किफायतशीर ठरेल.

समजा, एका पेटीत ८ हेडसेट आहेत व वर्गात ४० विद्यार्थी आहेत. प्रत्येकी १० मिनिटांचा अनुभव आणि हेडसेट चढविण्यास व पुसण्यास ५ मिनिटे धरली, तर पाच तुकड्यांना ७५ मिनिटे, म्हणजे जवळजवळ दोन तासिका लागतील. ज्यांची पाळी नाही त्यांनी जोडीने तोच प्रसंग तोंडी करावा किंवा आपले अनुभव लिहावेत. बॅटरी साधारण दोन तास टिकते. तेव्हा सकाळी एक व दुपारी एक असे दोन वर्ग घेतल्यास दिवसाला ८० व पाच दिवसांच्या आठवड्यात ४०० विद्यार्थ्यांना लाभ होईल. पेटी वर्षातून तीन वेळा प्रत्येक संस्थेत आल्यास तीन प्रसंगांचा सराव मिळेल.

पेटीचे आणखी एक सामर्थ्य आहे. ती फेरीबोटीत बसू शकते. पणजीत कायमची प्रयोगशाळा उभारली तर तेरेखोलच्या चार-दोन मुलांना तिचा उपयोग नाही. पण सुट्टीच्या दिवशी दोन हेडसेट व एक शिक्षक केरीहून पलीकडे गेले तर गावातील एखाद्या खोलीतही वर्ग भरेल. मात्र त्यासाठी सारे प्रसंग आधीच उपकरणात भरलेले असावेत. इंटरनेटवर विसंबून राहू नये. खाऱ्या वाऱ्याने व पावसाळ्यातील दमट हवेने भिंगांवर बुरशी धरते, म्हणून पेटी हवाबंद असावी व तीत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात.

आरोग्य व खासगीपणा

डोळ्यांना हालचाल दिसते व कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियास ती जाणवत नाही, यामुळे काहींना मळमळ वा चक्कर येते. प्रत्येकाने खुर्चीवर बसूनच हेडसेट वापरावा, पहिला अनुभव पाच मिनिटांचाच असावा व त्रास होताच तो काढून ठेवावा. अपस्माराचा विकार असलेल्या विद्यार्थ्यांस हे उपकरण देऊ नये. लहान वयाच्या मुलांबाबत उत्पादकांनीच मर्यादा घातल्या आहेत; म्हणून आरंभ उच्च माध्यमिक व त्यापुढील वर्गांपासून करणे योग्य. ज्याला हेडसेट सोसत नाही, त्याला तोच प्रसंग साध्या पडद्यावर दाखवावा. तो मागे राहता कामा नये.

विद्यार्थ्याचा आवाज व हालचाल हे उपकरण नोंदवू शकते. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये केलेल्या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिच्या माहितीसाठी पालकाची संमती आवश्यक ठरविली आहे. शक्यतो नोंदी ठेवूच नयेत. ठेवल्यास त्या कोण पाहील व केव्हा पुसल्या जातील हे पालकांना त्यांच्या भाषेत लेखी कळवावे.

मोजदाद कशाची?

किती हेडसेट घेतले व किती तास वापरले, ही प्रगतीची मोजमापे नव्हेत. प्रशिक्षणापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याची तीन मिनिटांची प्रत्यक्ष मुलाखत घ्यावी, शेवटी पुन्हा घ्यावी व तीन महिन्यांनी तिसऱ्यांदा. गुण देणारी व्यक्ती शिकविणाऱ्याहून वेगळी असावी. पहिल्या वर्षी दोन-तीन संस्थांतच प्रयोग करून, केवळ तोंडी सराव केलेल्या वर्गाशी त्यांची तुलना करावी. साध्या सरावानेच तेवढी प्रगती होत असेल, तर पैसा शिक्षकांवर खर्च करणे शहाणपणाचे ठरेल आणि तसे मोकळेपणी मान्य करण्यात कमीपणा नाही. फरक दिसल्यास दुसऱ्या वर्षी विस्तार करावा.

कोणतेही यंत्र माणसाला बोलके करीत नाही. ते फक्त निर्भयपणे चुकण्याची जागा देते. ती जागा आजवर शहरातील, सुस्थितीतील घरांच्या मुलांना आपोआप लाभत आली. नदीपलीकडच्या मुलालाही ती मिळावी आणि मुलाखतीच्या खोलीत त्याने दशावतारातील नटाच्या धिटाईने आपले नाव व गाव सांगावे, एवढे या योजनेने साधले तरी तिच्यावरील खर्च सार्थकी लागेल.