तेल कुणी खाल्लं?

"गुरुजी, विहिरीत डिझेल सांडलं तर पाणी आपोआप साफ होतं का हो?" आमच्या मोखाड्याकडच्या चौथीतल्या एका मुलीनं विचारलं. मुलांनो, इकडे मे महिन्यात विहिरीच्या तळातून वाटीवाटीनं पाणी भरावं लागतं. तेव्हा प्रश्न गमतीचा नव्हता.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात बेमिडजी गावाजवळ १९७९ साली तेलाची पाइपलाइन फुटली. सुमारे १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं. बरंचसं उपसलं, तरी सुमारे ४ लाख लिटर मागे राहिलंच! १९८३ पासून शास्त्रज्ञ तिथलं भूजल तपासू लागले. तेलातली द्रव्यं पाण्याबरोबर वाहत दूर जायला हवी होती. पण वाटेतच कमी होत होती. ती नुसती पांगली असतील तर?

मग त्यांनी खरकटं शोधलं. जेवणावळ झाली की खरकटं राहतंच ना! पाण्यातला प्राणवायू संपला होता. तो संपल्यावर काही सूक्ष्मजीव मातीतल्या गंजासारख्या लोहावर भागवतात, म्हणून पाण्यात लोह वाढलं होतं. मिथेन वायूही सापडला. म्हणजे तेल खरोखरच खाल्लं जात होतं. पण फार सावकाश. चाळीस वर्षांनंतरही तिथे तेल शिल्लक होतं.

"चाळीस वर्षं?" ती म्हणाली, "आम्हाला तर संध्याकाळी पाणी लागतं."