वर्षाचे भाडे एक गुल्डन

जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात फुगेराय नावाची गरजूंसाठीची वसाहत आहे. तिथल्या घराचे भाडे आजही वर्षाला ८८ सेंट, म्हणजे एक युरोसुद्धा नाही. १५२१ च्या दानपत्रात याकोब फुगरने एक ऱ्हेनिश गुल्डन ठरवला आणि पुढे कुणी तो वाढवला नाही. वीज-पाण्याचा खर्च तेवढा वेगळा.

फुगर हा त्या काळचा सर्वांत बडा सावकार. तांबे आणि चांदी हा त्याचा धंदा. १५०५ साली हिंदुस्थानाकडे निघालेल्या पोर्तुगीज आरमारातही त्याच्या पेढीचा पैसा होता. मिरीचा नफा खुणावत होता. १५१९ मध्ये पाचव्या चार्ल्सला सम्राटपद मिळावे म्हणून साडेआठ लाख गुल्डन उधळले गेले, त्यांतले सुमारे साडेपाच लाख फुगरचे. व्याज घेणे चर्चच्या लेखी पाप होते. त्या पापाच्या धास्तीतूनच बहुधा फुगेरायच्या रहिवाशांवर भाड्याखेरीज आणखी एक अट आली: दात्याच्या कुटुंबासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. ती अट आजही आहे.

गोरगरिबांसाठी धर्मादाय घरे युरोपात त्याआधीही होती. इंग्लंडमध्ये विंचेस्टरचे सेंट क्रॉस तर बाराव्या शतकातले. तिथले वृद्ध आजही काळा किंवा तांबडा झगा घालतात. फुगेरायमध्ये गणवेश नाही आणि सामायिक दालनात खाटा मांडून राहणेही नाही. दुमजली घरांच्या रांगा, दर मजल्यावर एक बिऱ्हाड, आणि वरच्या बिऱ्हाडालाही रस्त्यावर उघडणारे स्वतःचे दार. दारावरच्या घंटेची लोखंडी मूठ प्रत्येकाची निराळी: कुठे तिपानी, कुठे सूचिपर्णी झाडाचे फळ. रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हा रात्री घरी परतणारा माणूस ती मूठ चाचपून आपले दार ओळखायचा. मला या वसाहतीचे खरे मोठेपण इथे दिसते. आश्रिताला त्याचे स्वतःचे दार मिळाले.

सगळ्यांना मात्र नाही. भिकाऱ्यांना इथे थारा नव्हता. शहरातला, कॅथलिक, कष्टकरी आणि अडचणीत आलेला माणूसच इथे राहू शकत असे. मोझार्टचा पणजोबा, गवंडीकाम करणारा फ्रान्झ, इथेच राहिला. धर्माची अट अजून कायम आहे. ती मला खटकते. भूक धर्म विचारून लागत नाही.

फेब्रुवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात वसाहतीचा मोठा भाग जळाला. फुगर घराण्याने आठवडाभरातच पुन्हा बांधायचे ठरवले आणि बांधलेही. पैसा आला तो मुख्यतः वसाहत चालवणाऱ्या धर्मादाय संस्थेच्या मालकीच्या जंगलातून. आजही मुख्य आधार तोच, जोडीला पर्यटकांच्या तिकिटांचे उत्पन्न. सुमारे १४० बिऱ्हाडे त्यावर चालतात.

आपल्याकडे निराधारांसाठी इमारत बांधणाऱ्या विश्वस्तांना एकच विनंती: कोनशिलेवर नाव कोरण्याआधी दुरुस्तीचा पैसा पन्नास वर्षे कुठून येणार, ते दानपत्रात लिहून ठेवा.